लेझर मशीनची काच आणि ‘९९.९ टक्के’चा शिक्का

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भोसरी-चाकणपासून वाळूज, अंबड, शिरोलीपर्यंतच्या शेडमध्ये पत्रा कापायला आता फायबर लेझर आले आहे. लघुउद्योगांविषयी जे छापून येते त्यात मशीन किती किलोवॅटचे, मिनिटाला किती मीटर कापते आणि हप्ता किती बसतो, एवढेच असते. कटिंग हेडमध्ये नोझलच्या वर बसणाऱ्या ३० किंवा ३७ मिलिमीटर व्यासाच्या काचेबद्दल एक ओळही नसते. तिला कोणी प्रोटेक्शन ग्लास म्हणतात, कोणी नुसतीच काच. ही काच काळी पडली, तडकली, की ‘पॉवर जास्त झाली’ असे सांगून नवी घातली जाते आणि आठवड्याने तीही जळते. काही वेळा तिच्या वरची फोकस लेन्सही सोबत जाते, मग खर्च हजारांच्या घरात पोहोचतो. हे नुकसान बहुतेक वेळा टाळता येण्यासारखे असते, म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी प्रकाशाची वाट पाहू. लेझर सोर्समधून सुमारे १०७० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश केसाएवढ्या फायबरमधून हेडमध्ये येतो. फायबरच्या टोकाला क्वार्ट्‌झचा ठोकळा असतो. पुढे कोलिमेटर लेन्स किरण समांतर करते, फोकस लेन्स ते एकत्र आणते आणि शेवटी प्रोटेक्शन ग्लास लागते. फोकसमध्ये प्रकाशाचा ठिपका दीडशे-दोनशे मायक्रॉनचा असला, तरी काचेवर तो साधारण १० मिलिमीटर पसरलेला असतो. म्हणजे ६ किलोवॅटच्या मशीनमध्ये काचेच्या दर चौरस सेंटिमीटरवर साडेसात किलोवॅट पडतात. आकडा भीतिदायक वाटतो, पण ही काच ज्याची बनते ती शुद्ध फ्यूज्ड सिलिका तो सहज पेलते, कारण ती या प्रकाशातले जवळपास काहीच शोषत नाही. परावर्तन घालवणाऱ्या चांगल्या कोटिंगसह पूर्ण काचेचे शोषण २० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत वीस भाग, धरले तरी ६००० वॅटमधले अवघे ०.१२ वॅट काचेत उरतात. एवढ्याने काच नुसती कोमट होते.

आता या काचेवर एक काळा कण बसवून पाहा. पत्र्याचा उडालेला लोखंडी कण, हातरुमालाचा धागा, करपलेले तेल, काहीही चालेल. तो १०० मायक्रॉनचा, म्हणजे एक दशांश मिलिमीटरचा असेल, तर त्याच्या अंगावर ०.६ वॅट पडतात. ०.६ वॅट म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण सिलिका उष्णतेची वाईट वाहक आहे, तिची वाहकता मीटर-केल्विनला १.३८ वॅट, म्हणजे तांब्याच्या जवळपास तीनशेव्या भागाएवढी. त्या कणाखालून उष्णता पसरायला वाटच मिळत नाही. कण सगळा प्रकाश शोषतो असे धरून हिशेब केला, तर त्याखालच्या काचेचे तापमान दोन हजार अंशांहून अधिक वाढू शकते, आणि तेही काही मिलिसेकंदांत. सिलिका त्याआधीच, सुमारे १६०० ते १७०० अंशांच्या आसपास, मऊ पडू लागते. कोटिंग उकलते, काचेला खड्डा पडतो, खड्ड्याच्या कडा आणखी शोषतात आणि डाग पसरत जातो.

याच हिशेबात कण १० मायक्रॉनचा धरला, तर तापमानवाढ दोनशे अंशांवर थांबते. कारण कणाने घेतलेली उष्णता त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते, पण ती काचेत पसरण्याची वाट व्यासाच्याच प्रमाणात रुंदावते. म्हणून मोठा कण वाचत नाही, बारीक कण पुष्कळदा निभावून जातो. आणि २० किलोवॅटच्या मशीनमध्ये निभावून जाणाऱ्या कणाचा आकार साहजिकच आणखी लहान होतो. जुन्या २ किलोवॅटच्या मशीनवर जी सफाई चालून जात होती ती नव्या मशीनवर का चालत नाही, त्याचे उत्तर एवढेच आहे.

इथे ‘९९.९ टक्के ट्रान्समिशन’ या शिक्क्याचा प्रश्न येतो. बाजारात काचेच्या पाकिटावर हाच आकडा ठळक छापलेला असतो आणि खरेदीही त्यावरच होते. पण उरलेला ०.१ टक्का कुठे गेला, हे त्यातून कळत नाही. तो परावर्तित झाला असेल, तर काचेला त्रास नाही. तो शोषला गेला असेल, तर ६ किलोवॅटवर ६ वॅट काचेत मुरतात, म्हणजे चांगल्या काचेच्या पन्नास पट. दोन्ही काचा पाकिटावर सारख्याच दिसतात. पॉवर मीटर लावला तरी तिथला फरक मीटरच्या चुकीतच बुडून जातो. म्हणून विचारायचे ते शोषण, पीपीएममध्ये, १०७० नॅनोमीटरला. ते मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आयएसओ ११५५१ म्हणून ठरलेली आहे, त्यात काचेवर लेझर टाकून तिची तापमानवाढच मोजतात. जो विक्रेता हा आकडा देऊ शकत नाही, त्याच्या काचेचा स्वस्तपणा आम्हाला महाग वाटतो.

दुसरा प्रश्न मूळ काचेचा. स्वस्त मालात फ्यूज्ड सिलिकाऐवजी साधी ऑप्टिकल काच, बीके७ किंवा तिच्या तोडीची के९, दिलेली आढळते. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण सिलिका एक अंश तापली की दहा लाखांत अर्धा भागच प्रसरण पावते, बीके७ सुमारे सात भाग. बारा-तेरा पटींचा हा फरक आहे. मधला भाग गरम आणि कडा थंड राहिली की अशा काचेत ताण साठतो आणि ती कडेपासून मधोमध सरळ तडकते. खड्डा न पडता काच आरपार तडकली असेल, तर आधी सामग्रीवर संशय घ्यावा. मध्यावर गोल डाग असेल, तर घाणीवर. कोटिंग जाळीसारखे भेगाळले किंवा पापुद्र्यासारखे सुटले असेल, तर कोटिंग करणाऱ्यावर. जळालेली काच फेकून देण्याआधी तिरप्या उजेडात एवढे पाहिले, तरी अर्धे निदान होते.

कोटिंगबद्दलही थोडे सांगायला हवे. परावर्तन घालवण्यासाठी काचेवर ऑक्साइडचे थर बसवतात. पाव तरंगलांबीचा सिलिकाचा थर म्हणजे सुमारे १८० नॅनोमीटर. इतक्या पातळ थरात सदोष जागा शिरल्या की त्या उष्णतेचे बी होतात. निर्वात भांड्यात थर बसवताना ऑक्सिजन कमी पडला, तर ऑक्साइड अपुरे राहते आणि शोषण वाढते. थर सच्छिद्र राहिला, तर पावसाळी हवेतली ओल त्यात मुरते. भांड्यातला एखादा कण थराखाली अडकला, तर त्यावर थर चढत चढत उलट्या शंकूसारखी गाठ तयार होते आणि ती गाठ प्रकाश स्वतःच एका बिंदूवर गोळा करते. हाय पॉवरसाठी हाफ्निया (हाफ्नियमचे ऑक्साइड) आणि सिलिका ही जोडी आणि आयन बीम स्पटरिंगने, म्हणजे आयनांच्या माऱ्याने, बसवलेले दाट थर पसंत केले जातात, त्यामागे ही सगळी कारणे आहेत.

काच जळण्याच्याही आधी एक लक्षण दिसते आणि शॉपवर त्याचा अर्थ बहुधा चुकीचा लावला जातो. सकाळी पहिली काही शीट स्वच्छ कापली जातात. अर्ध्या तासाने खालच्या कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, येऊ लागते, कापलेला जॉब पत्र्यातून सुटत नाही. ऑपरेटर स्पीड कमी करतो, गॅसचे प्रेशर वाढवतो. जेवणाच्या सुट्टीनंतर मशीन पुन्हा छान कापते. हा थर्मल लेन्सचा परिणाम आहे. काचेचा मधला भाग तापला की तिथला अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची क्षमता, वाढतो, सिलिकात दर अंशाला साधारण दहा लाखांत दहा भाग. त्यामुळे सपाट काच हलक्या बहिर्वक्र भिंगासारखी वागते आणि फोकस वर, हेडच्या दिशेने सरकतो. ढोबळ हिशेबाने, स्वच्छ काचेच्या ०.१२ वॅटमुळे हा सरक मिलिमीटरच्या दहाव्या भागापलीकडे जात नाही. मळलेल्या काचेने ३ वॅट शोषले, तर तो एक ते तीन मिलिमीटर होतो. ३ वॅट म्हणजे ६००० वॅटचा अवघा ०.०५ टक्का, म्हणजे त्या काचेचे ट्रान्समिशन अजूनही उत्तमच भरेल. पण पातळ स्टेनलेस कापताना एक मिलिमीटर फोकस हलला की कटची वाट लागते. थंड मशीनवर चांगले आणि गरम मशीनवर वाईट कापत असेल, तर फोकसचा आकडा बदलण्याआधी काच पाहावी. अनेक हेडमध्ये काचेच्या तापमानाचा सेन्सर असतो. त्याचा आकडा रोज एकाच जॉबवर, एकाच वेळी वहीत लिहून ठेवला, तर काच मळल्याची वर्दी जळण्याच्या कितीतरी आधी मिळते.

काच बदलणे हे दोन मिनिटांचे काम समजले जाते, आणि सगळ्यांत जास्त घाण हेडमध्ये शिरते ती याच दोन मिनिटांत. लेझर, गॅस बंद करून किल्ली स्वतःजवळ ठेवावी. हेडची बाहेरची बाजू अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने आधी पुसावी, कारण काचेचा ड्रॉवर ओढताना तिथलीच धूळ आत पडते. जवळचे पंखे आणि ग्राइंडर बंद करावेत. ड्रॉवर बाहेर काढला की उघड्या खाचेवर त्याच क्षणी झाकण किंवा स्वच्छ चिकटपट्टी लावावी. काच घेऊन वेगळ्या स्वच्छ टेबलाशी जावे. हातात पावडर नसलेले हातमोजे हवेत आणि काच कडेनेच धरावी, कारण बोटाचा ठसा म्हणजे तेल आणि मीठ. काळ्या पार्श्वभूमीवर टॉर्चचा उजेड तिरपा टाकून दोन्ही बाजू पाहाव्यात. सुटी धूळ रबरी फुग्याच्या हवेने किंवा शुद्ध नायट्रोजनने उडवावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे तुषार उडतात. कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको, तिच्यात तेल असते.

यानंतरच ओले पुसणे. ९९ टक्क्यांहून शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब, तंतू न सोडणारी काडी आणि एकाच दिशेने एक ओढ. दुसऱ्या ओढीला काडी नवी. मागेपुढे घासल्याने उचललेला कण पुन्हा काचेवर फिरतो आणि कोटिंगवर ओरखडा उठतो. थिनर नको, त्याचा अवशेष राहतो. ॲसिटोन काडीच्या प्लास्टिकला आणि सीलला विरघळवतो आणि तेच काचेवर पसरते. बनियनचा तुकडा, टिश्यू पेपर, चष्म्याचे कापड यांतले काहीही चालत नाही. काळा डाग पडलेली काच साफ होत नाही, कारण तो डाग काचेवर नसतो, काचेत असतो. ती बाद करावी. आणि काटकसर म्हणून उलटी फिरवून तर कधीच लावू नये, तसे केल्याने शिंतोड्यांची बाजू थेट फोकस लेन्सकडे येते. काचेबरोबरचे सील दबलेले, कडक झालेले असेल, तर तेही बदलावे, नाहीतर गॅस सीलच्या कडेने काचेच्या वर धूळ ढकलतो. कोलिमेटर आणि फोकस लेन्स मात्र शेडमध्ये उघडू नयेत. ते काम स्वच्छ खोलीत करायचे आहे.

वितळलेला धातू उडवण्यासाठी नोझलमधून सोडायचा नायट्रोजन परवडत नाही म्हणून हवेवर कापणाऱ्यांची संख्या वाढते आहे. त्यात गैर काही नाही, पण हवा कोरडी आणि तेलमुक्त हवी. ड्रायर, मग तेल पकडणारा बारीक फिल्टर, मग कार्बन फिल्टर, हा क्रम असतो आणि प्रत्येक फिल्टरला ठरलेले आयुष्य असते. साधी चाचणी अशी: लेझर बंद ठेवून नुसती हवा सोडावी, नोझलखाली स्वच्छ काच पाच मिनिटे धरावी आणि ती तिरप्या उजेडात पाहावी. धूसरपणा दिसला, तर तोच धूसरपणा हेडमधल्या काचेवरही बसतो आहे.

पावसाळा हा वेगळाच विषय आहे. वसई-भिवंडीत जुलैमध्ये तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली, तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान, २७ अंशांवर असतो. चिलरचे (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे) हेडकडे जाणारे पाणी २५ अंशांवर ठेवले असेल, तर हेडच्या आत पाणी सुटणारच. त्या ओल्या कोटिंगवर सकाळचा पहिला पिअर्सिंग शॉट (पत्र्याला छिद्र पाडणारा मारा) पडला की उकळणारे पाणी थर उचकटते. म्हणून हेडचे पाणी दवबिंदूच्या दोन-तीन अंश वर ठेवावे. मशीन बंद करताना चिलरही बंद करावा. सकाळी सोर्सच्या कॅबिनेटचा एसी आधी चालू करून आतली हवा कोरडी होऊ द्यावी आणि मगच पाणी फिरवावे. शेडमध्ये आर्द्रतामापक टांगायला काहीशे रुपये लागतात.

तांबे, पितळ, ॲल्युमिनियम कापणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. थंड तांबे हा प्रकाश ९५ टक्क्यांहून अधिक परतवते. छिद्र पडेपर्यंतच्या क्षणात परतलेला प्रकाश हेडमधून उलटा चढतो आणि कमकुवत जागा शोधतो, मग ती मळलेली कोलिमेटर लेन्स असो वा फायबरच्या टोकाचा ठोकळा. तिथली दुरुस्ती शॉपवर होत नाही.

जुन्या कार्बन डायऑक्साइड लेझरवर काम करणारेही अजून आहेत. त्यांची लेन्स झिंक सेलेनाइडची असते, १०.६ मायक्रॉनसाठी. ती मऊ असते, सहज ओरखडते, आणि जळली तर तिची पूड व धूर विषारी असतो. मशीन बंद करून, खोली मोकळी करून, हातमोजे आणि मास्क लावून तुकडे ओल्या कापडाने उचलावेत आणि बंद पिशवीत ठेवावेत. झाडूने उडवू नयेत.

पल्स लेझरचा हिशेब वेगळा आहे आणि विक्रेते त्यात गल्लत करतात. मार्किंगच्या किंवा त्वचारोगाच्या काही लेझरचा एक पल्स नॅनोसेकंदांचा असतो. तिथे काचेची सहनशक्ती चौरस सेंटिमीटरला किती जूल, अशी सांगतात, आणि ती पल्सच्या कालावधीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. १० नॅनोसेकंदांना १० जूल सोसणारे कोटिंग १ नॅनोसेकंदाला साधारण ३ जूलच सोसते. पल्स काही पिकोसेकंदांवर आला की हा नियमही तुटतो, कारण तिथे उष्णता पसरण्याआधीच प्रकाशाचे विद्युतक्षेत्र अणूंमधून इलेक्ट्रॉन उपटते. ही चाचणी आयएसओ २१२५४ प्रमाणे होते. अखंड चालणाऱ्या कटिंग लेझरच्या काचेवर जूलचा आकडा छापणे म्हणूनच निरर्थक आहे. तिथे प्रश्न तापण्याचा असतो, आणि तो शोषणावर ठरतो.

हीच अडचण जगातल्या सर्वांत मोठ्या उपकरणांनाही सुटलेली नाही. अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या १९२ किरणांच्या लेझरमध्ये सिलिकाच्या काचांवर पडणारे सूक्ष्म खड्डे कार्बन डायऑक्साइड लेझरने वितळवून गुळगुळीत करतात आणि काचा पुन्हा वापरतात. तिथे बहुतेक इजा काचेच्या मागच्या पृष्ठभागावर होते. कोटिंग नसलेल्या काचेत तिथे प्रकाशाची तीव्रता पुढच्या पृष्ठभागाच्या सुमारे १.४ पट असते, हे त्याचे एक कारण. आणि आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे, तिला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. लायगोच्या ४० किलो वजनाच्या आरशांचे कोटिंग एक पीपीएमपेक्षाही कमी शोषते. ७५० किलोवॅटच्या संकल्पित पॉवरवरसुद्धा एका आरशात एक वॅटही मुरू नये, अशी ही कारागिरी आहे. तरीही अमेरिकेतल्या आरशांवर काही मायक्रॉनांपासून काही दशक मायक्रॉनांपर्यंतचे शोषक ठिपके सापडले. त्यांच्याभोवती पृष्ठभाग फुगला, प्रकाश विखुरला आणि पॉवर वाढवण्यावर मर्यादा आली. भोसरीतल्या शेडमधला कण आणि हा ठिपका एकाच जातीचे आहेत.

मराठवाड्यात असे उपकरण येत असताना, त्यासाठी लागणारी सवय असलेले हात इथल्याच आयटीआयमधून तयार व्हावेत असे आम्हाला मनापासून वाटते. आमच्या मागण्या फार मोठ्या नाहीत. लेझर कटिंग शिकवताना प्रोग्रामिंगबरोबर काच तपासणे, पुसणे आणि जळालेल्या काचेचे निदान, यांसाठी निदान दोन दिवस हाताने करायचे काम ठेवावे. औद्योगिक वसाहतींतल्या संघटनांनी मिळून एक छोटी खोली करावी: गाळलेल्या हवेचे टेबल, पन्नास पट मोठे दाखवणारा सूक्ष्मदर्शक, शुद्ध अल्कोहोल आणि काड्या. एका वसाहतीतल्या सगळ्या मशीनना ती पुरेल आणि लेन्स उघडायला शेडमधली धूळ लागणार नाही. विक्रेत्यांनी पाकिटावर मूळ काचेचे नाव, कोटिंगचा बॅच क्रमांक आणि १०७० नॅनोमीटरचे शोषण पीपीएममध्ये छापावे. हे छापून येईपर्यंत ग्राहकांनी ते प्रत्येक खरेदीत लेखी मागावे. दहा ठिकाणांहून तीच मागणी आली की पुरवठादाराला तो आकडा मोजून घ्यावाच लागेल.

कळावे,

लेझर प्रक्रिया व प्रकाशीय कोटिंग क्षेत्रात काम करणारे काही तंत्रज्ञ,
पुणे